वजनदार आमिषासाठी रिळाची निवड

बालाघाट जिल्ह्याची भूरचना जलव्यवस्थेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. सातपुड्याची मैकल रांग या जिल्ह्यात पसरली असून ती पावसाचे पाणी दोन दिशांना वाटून देते. बैहरच्या पठारावरील बंजर आणि हालोन या नद्यांचे पाणी नर्मदेच्या खोऱ्यात उतरते व अखेरीस अरबी समुद्रास मिळते. घाटाखालील सखल मुलखाचे पाणी मात्र वैनगंगा गोळा करते. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी बालाघाटातून पुढे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वाटेने जाते, वर्धेस मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास पोचते. १८६७ साली भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा बनविण्यात आला आणि १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून चालला. त्यामुळे वारासिवनी, लांजी या भागांत आजही घरोघरी मराठी समजली जाते आणि नदीकाठच्या माणसाचे सोयरेसंबंध दोन्ही राज्यांत असतात. माशांना तर राज्याची सीमा ठाऊकच नसते.

या पाण्यात गळास लागणारे मोठे मासे मुख्यत्वे तीन. पहिला महसीर. गोदावरीच्या खोऱ्यातील दख्खनी महसीर व नर्मदेतील महसीर या दोन भिन्न जाती होत. नर्मदाकाठी त्यास बाडस म्हणतात. दख्खनी जातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले आणि तिच्या नावात 'खुद्री' हा येथील बोलीतील शब्द कायमचा बसविला. दुसरा शिवडा, ज्यास हिंदी भाषक पढीन म्हणतात. रुंद जबड्याचा आणि बारीक तीक्ष्ण दातांचा हा मासा रात्रीच्या वेळी डोहाच्या काठाशी येऊन शिकार साधतो. तिसरा मरळ, जो तलावातील शेवाळ व कमळवेलीच्या आडोशास राहतो. तिन्ही मासे लहान माशांवर तुटून पडतात. म्हणूनच माशाच्या आकाराचे लाकडी, धातूचे वा प्लॅस्टिकचे कृत्रिम आमिष पाण्यातून ओढल्यास ते फसतात.

अशा आमिषांचे वजन अलीकडे वाढत चालले आहे. उत्तर अमेरिकेतील सरोवरांत व नद्यांत मस्कलंज नावाचा लांबट, सुसरीसारख्या तोंडाचा शिकारी मासा आहे. तिकडचे लोक त्यास लाडाने मस्की म्हणतात. तो आमिष सहजी घेत नाही. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मस्की मिळतो, अशी तिकडे म्हण आहे. त्याच्यासाठी बनविलेली आमिषे साठ ग्रॅमपासून थेट चारशे ग्रॅमपर्यंत, म्हणजे लहानशा वरवंट्याएवढी भारी असतात. ही परदेशी आमिषे आता टपालाने कोणासही मागविता येतात. आमिष मोठे तर मासा मोठा, असा समज करून तरुण मंडळी ती आणतात आणि घरी असलेल्या लहान रिळास बांधतात. परिणाम बहुधा पहिल्याच दिवशी दिसून येतो. दोरी फेकीतच तुटून आमिष नदीत जाते, किंवा रिळाचे दाते झिजतात. याहून वाईट प्रकार म्हणजे लागलेला मासा तोंडात तीन तीन गळ आणि मागे पन्नास मीटर दोरी घेऊन खडकात शिरतो. असा मासा वाचत नाही आणि कोणाच्या ताटातही येत नाही. तेव्हा रीळ कोणते घ्यावे हा प्रश्न केवळ हौशी माणसाच्या खिशापुरता राहत नाही.

रिळाचे प्रकार

रिळांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. सर्वांत जुने ते साधे चाक. पतंगाच्या चक्रीप्रमाणे त्यात दोरी गुंडाळलेली असते आणि मुठीचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या काळी महसीर धरणाऱ्यांची भिस्त याच चाकावर होती. ते दणकट असते, बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसते. परंतु आमिष वेगाने ओढावयाचे झाल्यास हात थकून जातो.

दुसरा प्रकार स्थिर चरखीचा. इंग्लंडमधील इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये अशा रिळाचे पेटंट घेतले. यात फेकीच्या वेळी चरखी फिरत नाही. तिच्या कडेवरून दोरीचे वेढे आपोआप सुटत जातात, जसे उभ्या ठेवलेल्या कोकड्यावरून सूत सुटावे. हे रीळ नवशिक्यास सोपे, हलक्या आमिषास उत्तम आणि बाजारात स्वस्तही मिळते. आपल्याकडे बहुतेकांच्या हाती हेच असते. तथापि वजनदार आमिषास ते तीन कारणांनी अपुरे पडते. फेकताना दोरी तर्जनीवर धरावी लागते. शंभर ग्रॅमच्या वर वजन गेले की बारीक विणलेली दोरी बोट कापते. दुसरे असे की, परत येणारी दोरी एका लहान गुंडीवरून काटकोनात वळून चरखीवर जाते, त्यामुळे जोराचा काही भाग त्या वळणावरच खर्ची पडतो. तिसरे, दोरी धरणारी तारेची कमान भर फेकीत मिटली तर आमिष जागीच अडते व दोरी तुटते. समुद्रावर वापरावयाची मोठी स्थिर चरखी या अडचणींवर बरीच मात करते. पण ती इतकी जड असते की दिवसभर फेकण्याचे काम तिच्याने होत नाही.

तिसरा प्रकार गुणक रिळाचा. यात चरखी आडवी असते, ती फेकीच्या वेळी स्वतः फिरते आणि मुठीच्या एका फेऱ्यात दंतचक्रांमुळे तिचे चार ते आठ फेरे होतात. दोरी सरळ रेषेत येते व सरळ गुंडाळली जाते. अमेरिकेतील केंटकी प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळे बनविणाऱ्या कारागिरांनी हे रीळ नावारूपास आणले. घड्याळाची दंतचक्रे करणाऱ्या हातांस हे काम सुचावे यात नवल नाही. वजनदार आमिषासाठी हाच प्रकार घ्यावा, याविषयी मतभेदास फारशी जागा उरलेली नाही. प्रश्न उरतो तो गुणक रिळांपैकी कोणते, हा.

वजन आणि विरोध

येथे एक घोटाळा प्रथम दूर करणे आवश्यक आहे. आमिषाचे वजन रिळास जाणवते ते फक्त फेकताना. ओढताना जाणवतो तो पाण्याचा विरोध, आणि या दोन गोष्टी एकमेकींबरोबर चालतातच असे नाही. दोनशे ग्रॅमचे गुळगुळीत लाकडी आमिष पाण्यातून अलगद सरकत येते. उलट ऐंशी ग्रॅमचे, पण दोन मोठी गरगर फिरणारी पत्र्याची पाती लावलेले आमिष रहाटाच्या भरल्या लोट्याप्रमाणे हात ओढून धरते. शेवटी मासा लागल्यावर तिसरेच काम सुरू होते. त्या वेळी दोरी गुंडाळण्यापेक्षा ती आवरून धरत सोडण्यास महत्त्व असते. फेकणे, ओढणे व सोडणे ही तिन्ही कामे रिळाच्या निरनिराळ्या भागांवर पडतात. रीळ निवडताना प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

फेकीचा विचार आधी करू. दीडशे ग्रॅमचे आमिष सेकंदास पंचवीस मीटर वेगाने काठीच्या टोकावरून सुटले, तर त्यात सुमारे सत्तेचाळीस जूल ऊर्जा साठलेली असते. चरखीवर दोरी अडकली आणि हे आमिष अर्ध्या मीटरच्या ताणात थांबले, तर दोरीवर सरासरी साडेनऊ किलोग्रॅमचा आणि क्षणभर त्याच्या सुमारे दुप्पट झटका बसतो. यावरून नऊ-दहा किलोच्या दोरीवर असे आमिष का टिकत नाही ते ध्यानात येईल. मस्की मासा क्वचितच वीस किलोच्या पुढे जातो, तरी त्याच्यासाठी छत्तीस किलोची विणलेली दोरी वापरतात. तिकडील शिकारी दोरी माशासाठी जाड घेत नाहीत, आपल्या फेकीसाठी घेतात. ही गोष्ट विक्रेत्यांच्या पत्रकांत क्वचितच सांगितलेली असते.

दोरी अडकू नये म्हणून चरखीच्या वेगावर ताबा हवा. आमिष हवेत मंदावते, चरखी मात्र त्याच वेगाने फिरत राहते आणि जास्तीची दोरी फुगून तिचा पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो. यावर उपाय म्हणून रिळात केंद्रोत्सारी किंवा चुंबकीय ब्रेक असतात. वजनदार आमिषास मात्र खरा ब्रेक म्हणजे फेकणाऱ्याचा अंगठा. तो चरखीवर अलगद टेकलेला असावा व आमिष पाण्यास स्पर्श करण्यापूर्वी त्याने चरखी थांबवावी. म्हणून रीळ विकत घेण्यापूर्वी हातात धरून अंगठा चरखीवर सहज व पुरता टेकतो की नाही ते पाहावे. फार रुंद रीळ लहान हातास पेलत नाही. नवशिक्याने पहिले काही दिवस गळ काढून टाकलेल्या लाकडी ठोकळ्याने मोकळ्या शेतात सराव करावा. जवळ मुले व गुरे नसावीत, कारण तुटलेले दीडशे ग्रॅमचे आमिष दगडाइतकेच घातक असते.

दंतचक्रांचा हिशेब

ओढण्याच्या कामात दंतचक्रांचे प्रमाण महत्त्वाचे. रिळावर ५.३ : १ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ मुठीच्या एका फेऱ्यात चरखीचे ५.३ फेरे होतात. शाळेतील विद्यार्थ्यांकडूनही हा हिशेब करून घेण्याजोगा आहे. दोरीने भरलेल्या चरखीचा व्यास ३८ मिलिमीटर धरला, तर तिच्या एका फेऱ्यात सुमारे ११९ मिलिमीटर दोरी गुंडाळली जाते. ५.३ ने गुणले असता मुठीच्या एका फेऱ्यास ६३ सेंटिमीटर दोरी येते. प्रमाण ७ : १ असल्यास ८३ सेंटिमीटर येते. येथवर पाहता सात प्रमाणाचे रीळ अधिक चांगले वाटेल, आणि दुकानदारही तसेच सांगेल.

पण सायकल चढावर नेणाऱ्यास ठाऊक असते की वेग वाढविला की जोर कमी पडतो. मुठीची लांबी ५० मिलिमीटर असून हाताने तीन किलोचा जोर लावला, तर घर्षण वगळता ५.३ प्रमाणाच्या रिळावर दोरीस सुमारे दीड किलोची ओढ मिळते. सात प्रमाणाच्या रिळावर ती सव्वा किलोपेक्षाही कमी भरते, तर चार प्रमाणाच्या रिळावर जवळजवळ दोन किलो होते. फिरत्या पात्यांचे आमिष दिवसभर ओढावयाचे असेल, तर हा फरक मनगटास व दंतचक्रांच्या दात्यांस सायंकाळपर्यंत चांगलाच कळतो. मूठ ६० मिलिमीटर लांबीची बसविली, तर ५.३ प्रमाणाच्याच रिळावर ओढ पावणेदोन किलोच्या वर जाते. म्हणजे प्रमाण न बदलता केवळ लांब मुठीनेही बरेच साधते. मूठ दुहेरी, गोलसर व ओल्या हातातून न निसटणारी असावी.

यावरून असे म्हणता येईल की, फिरती पाती व खोल बुडणारी आमिषे यांस पाचच्या आसपासचे प्रमाण योग्य. काठीला झटके देऊन चालविण्याच्या लाकडी आमिषास पाण्याचा विरोध थोडा असतो, परंतु प्रत्येक झटक्यानंतर सैल पडलेली दोरी चटकन गोळा करावी लागते. तेथे सहा ते सात प्रमाण उपयोगी पडते. एकच रीळ घेणे परवडत असेल, आणि बहुतेकांची स्थिती तीच असते, तर पाच ते साडेपाच प्रमाणाचे घ्यावे. मंद रिळाची मूठ गरजेनुसार जलद फिरविता येते. जलद रिळात जोर मात्र वाढविता येत नाही.

चरखीचा व्यास हा मुद्दाही याच हिशेबात येतो. दोरी निघून जाऊन व्यास ३८ वरून २६ मिलिमीटरवर आला, तर एका फेऱ्यास ६३ ऐवजी अवघी ४३ सेंटिमीटर दोरी येते. म्हणून चरखी नेहमी काठापर्यंत, सुमारे दोन मिलिमीटर जागा राखून भरावी. अर्धवट भरलेले रीळ म्हणजे अर्धी किंमत वाया घालविणे होय.

रोधकाची कसोटी

मासा लागल्यावर दोरी ठरावीक ताणाने सुटू देणारा जो भाग, त्यास बाजारात ड्रॅग म्हणतात. त्यात एकमेकींवर दाबलेल्या चकत्या असतात. या रोधकाच्या बाबतीत मस्की आणि महसीर यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि परदेशी शिफारस जशीच्या तशी उचलण्यात येथेच धोका आहे.

मस्की बहुधा होडीच्या अगदी जवळ आमिष धरतो. त्याची झुंज आखूड, हिसक्यांची असते. त्याचे तोंड कठीण असल्याने गळ रुतण्यासाठी रोधक जवळजवळ घट्ट ठेवतात, आणि शंभर-सव्वाशे मीटर दोरी त्यास पुरते. महसीरचे तसे नाही. वाहत्या पाण्यात वाढलेला हा मासा गळ लागताच प्रवाहाच्या साहाय्याने पहिली धाव अशी घेतो की चाळीस-पन्नास मीटर दोरी पाहता पाहता निघून जाते. कर्नाटकातील कबिनी नदीत १९४६ मध्ये व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर धरल्याची नोंद प्रसिद्ध आहे. एवढा मासा आज वैनगंगेत कोणी अपेक्षू नये. पण पाच-सात किलोचा महसीरही कमकुवत रिळाची परीक्षा पाहतो. तेव्हा महसीरसाठी किमान दोनशे मीटर दोरी मावेल असे रीळ हवे व रोधक घट्टपणापेक्षा मऊपणाने ओळखला जावा. सुटताना तो अडखळता कामा नये.

रोधक दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या ते चौथ्या हिश्श्यावर बसवावा असा सर्वमान्य नियम आहे. चौदा किलोच्या दोरीस सुमारे चार किलो. हे हाताच्या अंदाजाने करू नये. गावातील कोणत्याही दुकानात स्प्रिंगचा काटा मिळतो. तो दोरीस बांधून ओढावा व दोरी सुटू लागताच आकडा वाचावा. या नियमात एक मेख आहे. वर सांगितल्याप्रमाणे दोरी निघून जाऊन चरखीचा व्यास ३८ वरून २६ झाला, की त्याच बसविलेल्या रोधकाची ओढ चार किलोवरून जवळजवळ सहा किलोवर जाते. पाण्यातील लांब दोरीचा आणि काठीच्या कड्यांचा विरोध त्यात आणखी भर घालतो. मासा दूर गेल्यावर घाबरून रोधक आणखी आवळणारा मनुष्य आपली दोरी आपणच तोडतो. त्या वेळी तो किंचित सैल करणे हेच शहाणपणाचे असते.

रोधकाची कमाल शक्ती सात ते दहा किलो असली म्हणजे या भागातील कामास पुष्कळ झाले. वेष्टनावर पंधरा किलो छापलेले असले, तरी तेवढ्या ओढीस काठी व माणूस दोन्ही टिकणार नाहीत.

दोरी व इतर बाबी

विणलेली दोरी त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा बरीच बारीक असते. चरखीत मावणारी लांबी जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ज्या चरखीत ०.५५ मिलिमीटर जाडीचे शंभर मीटर नायलॉन मावते, तीत ०.३६ मिलिमीटरची विणलेली दोरी सुमारे दोनशे तीस मीटर मावते. ही दोरी ताणत नाही, त्यामुळे दूरवरचा स्पर्शही हातास कळतो, मात्र झटका शोषला जात नाही. शिवाय ती गुळगुळीत चरखीवर घसरून सबंध वेटोळे फिरू लागते. म्हणून आधी नायलॉनचे दहा-पंधरा वेढे घालून मग ती त्यावर बांधावी. अडकलेले आमिष सोडविताना ती कधीही उघड्या हातास गुंडाळून ओढू नये. बोट तुटण्याइतकी ती धारदार असते. एखाद्या लाकडाच्या तुकड्यास वेढे देऊन ओढावी.

मस्की व शिवडा यांस दात असल्याने आमिषाच्या पुढे पोलादी तारेचा तुकडा लागतो. महसीरच्या जबड्यात दात नसतात. त्याचे दात घशात असून ओठांची पकड विलक्षण बळकट असते, त्यामुळे साधे तिपेडी गळ तो चेपून सपाट करतो. महसीरसाठी तारेऐवजी जाड नायलॉन व जाड एकेरी गळ वापरणे हिताचे.

दुकानात रीळ पाहताना पुढील गोष्टी तपासाव्या. चौकट अखंड धातूची आहे काय? मूठ धरून हलविल्यास आस खिळखिळा वाटतो काय? चरखी मोकळी सोडली असता आवाज न करता फिरते काय? दोरी समपातळीत पसरविणारा आडवा दोरा-वाहक सहज सरकतो काय? बेअरिंगांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते, तिकडे फारसे लक्ष देण्याचे कारण नाही. चार चांगल्या बेअरिंगांचे रीळ दहा हलक्या बेअरिंगांच्या रिळाहून अधिक वर्षे टिकते. सुटे भाग मिळणार नसतील, तर कितीही चांगले रीळ पहिल्या बिघाडानंतर शोभेची वस्तू ठरते. बाजारात ज्यास तीनशे किंवा चारशे मापाचे म्हणतात ते रीळ साठ ते दीडशे ग्रॅमच्या आमिषास योग्य. दोनशे ग्रॅमच्या वरील आमिषांची येथील पाण्यास गरज नाही. महसीर तर वीस ते चाळीस ग्रॅमच्या साध्या पितळी चमच्यावरही येतो. मरळसाठी वेलींवरून ओढण्याचा रबरी बेडूक दहा-वीस ग्रॅमचाच असतो, आणि त्यास हे भारी रीळ मुळीच चालत नाही. जड चरखी एवढ्याशा वजनाने फिरू लागत नाही. ज्याचा मुख्य छंद तलावातील मरळ हाच असेल त्याने प्रस्तुत विवेचनातील रिळावर पैसे घालवू नयेत.

माशाचा जीव आणि कायदा

उन्हाळ्यात वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. एप्रिल-मे महिन्यांत, नदी डोहांपुरती उरलेली असताना, अर्धा तास झुंजवलेला मासा सोडून दिला तरी पुष्कळदा मरतो. येथे पुरेशा ताकदीच्या रिळाचे खरे मोल कळते. हलक्या रिळावर मोठा मासा धरणे ही मर्दुमकी मानली जाते, पण तिची किंमत मासा मोजतो. मस्कीच्या बाबतीत अमेरिकेतही प्रथम मारण्याचीच रीत होती. मिनेसोटातील सेंट पॉल येथे १९६६ मध्ये 'मस्कीज इनकॉर्पोरेटेड' ही संस्था स्थापन झाल्यानंतर मासा धरून परत सोडण्याचा प्रघात तेथे वाढीस लागला. आपल्याकडे १९७० च्या दशकात टाटा वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे महसीरचे कृत्रिम प्रजनन हाती घेतले व तेथील बोटुकली निरनिराळ्या पाण्यांत सोडण्यात आली. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महसीरला राज्यमासा म्हणून घोषित केले. बंधारे, वाळूचा उपसा, विष आणि सुरुंग यांनी या माशाचे जे नुकसान झाले आहे, त्यापुढे गळाने होणारे नुकसान थोडे आहे हे खरे. विष व स्फोटके यांवर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, आणि अशा प्रकारांची माहिती सर्वांत आधी गळ टाकून बसलेल्या माणसासच लागते. त्याने ती पोलीस ठाण्यास किंवा मत्स्य खात्यास कळवावी. महसीर लागल्यास तो पाण्यातच ठेवून, ओल्या हाताने धरून, गळ काढून सोडावा. गळाचा काटा आधीच पक्कडीने चेपून ठेवला असल्यास हे काम क्षणाचे असते.

मध्य प्रदेशात नदीय मत्स्योद्योग नियम, १९७२ अन्वये १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ बंद ऋतू मानला जातो. याच काळात बहुतेक मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढत असतात. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग बालाघाट जिल्ह्यात येतो. उद्यानाच्या हद्दीतील नद्यांत मासेमारीस मुळीच परवानगी नाही, गळ हाती घेऊन हिंडणेही नको. तलावांतील मासेमारीचे हक्क पुष्कळ ठिकाणी ढीमर समाजाच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्या तलावातील मासा हा त्या कुटुंबांचा वर्षाचा दाणागोटा होय. हौशी मनुष्याने तेथे संस्थेची संमती घेतल्याखेरीज दोरी टाकू नये. डोहांचे ठाव, पाण्याखालील खडक आणि माशांच्या वेळा यांचे त्यांच्याइतके ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. डोंगा व सोबतीस वाटाड्या घेतल्यास त्यांना मजुरी मिळते आणि पाहुण्याचीही दिशाभूल होत नाही.

रिळाची निगा

वैनगंगेची बारीक वाळू हा रिळाचा मोठा शत्रू. काठावर रीळ कधीही वाळूत टेकवू नये. काठी झाडास टेकवून ठेवावी. दिवसाअखेर रोधक किंचित आवळून गोड्या पाण्याची हलकी धार त्यावर सोडावी, जोराच्या धारेने वाळू उलट आत शिरते. नंतर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. बेअरिंगांस पातळ तेलाचा एकच थेंब, दंतचक्रांस ग्रीस. याची उलटापालट केल्यास चरखी जड फिरते व दाते लवकर झिजतात. खोबरेल किंवा गोडे तेल वापरू नये, ते चिकट होऊन गोठते. दोरीचे पहिले दोन-तीन मीटर खडकांस घासून खरखरीत होतात. ते प्रत्येक फेरीपूर्वी नखाने चाचपून कापून टाकावेत व गाठ नव्याने बांधावी.

बंद ऋतू सुरू होताच रोधक पूर्ण सैल करून ठेवावा. दोन महिने दाबाखाली राहिलेल्या चकत्या एकमेकींस चिकटतात आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच माशास दोरी अडखळत सुटते. रीळ कोरड्या कापडी पिशवीत, शक्यतो धान्याच्या कोठीपासून दूर ठेवावे, कारण उंदीर ग्रीसच्या वासाने येतात. पंधरा ऑगस्टनंतर नदीवर जाण्यापूर्वी पुन्हा एकदा स्प्रिंगचा काटा लावून रोधक तपासावा. भाद्रपदात पाणी गढूळ व जोरकस असते, त्यामुळे आमिष प्रत्यक्षापेक्षा भारी वाटते. पाणी निवळून डोहांचा तळ दिसू लागेपर्यंत पाच प्रमाणाचे रीळही सावकाशच फिरवावे.